म्हाताऱ्याचं ‘हूं’

तलावात मासे धरत म्हातारा झालेला तो माणूस सिंदेवाहीच्या आमच्या वाचनालयात रोज यायचा. डोळे गेलेले. मी ग्रंथपाल, पेपर वाचून दाखवायचे. दर बातमीला तो ‘हूं’ म्हणायचा. इकडची रीतच तशी. ऐकणाऱ्याचं ‘हूं’ आल्याशिवाय सांगणारा पुढे जात नाही.

मग वाचून दाखवणारं एआय आलं आणि मी सुटले. त्याला संगणकापुढे बसवून मोबाईल बघू लागले.

“बाई, मी हूं म्हणून राह्यलो, पण हे मशीनवाली थांबतच नाई.”

“सवय होईल, भाऊ,” मी मान वर न करता म्हटलं.

काल मधेच वीज गेली. आवाज थांबला. त्यानं ‘हूं’ म्हटलं, क्षणभर कान दिला आणि खुलला.

“पाहा बाई, आज थांबली माह्यासाठी!”

वीज गेलीय हे न सांगता मी मोबाईल बाजूला ठेवला आणि पेपर उघडला.