नावेच्या टपावर कुरडया

मला बघायला आलेल्या बाईंनी पोह्यांची बशी हातात घेतली, एक घास खाल्ला आणि विचारलं, "बाई, तुले अंघोळीले किती पाणी लागते?"

माझे बाबा अकोल्याच्या कोर्टात वकील. दुसऱ्यांना आडवेतिडवे प्रश्न विचारण्यात त्यांचं आयुष्य गेलं, पण या प्रश्नाला हरकत घ्यावी की नाही हे त्यांनाही सुचेना. आई माझ्याकडे बघून डोळे मोठे करत होती. मी खरं ते सांगून टाकलं. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ पाच-सहा दिवसांआड येतो, तेव्हा एका बादलीत अंघोळ आणि त्यातूनच उरवून पाय धुणं, अशी लहानपणापासूनची सवय. बाई एकदम खुलल्या. शेजारी बसलेल्या आपल्या भावाला म्हणाल्या, "मी तुले सांगतलं होतं ना, पोट्टी अकोल्याचीच पाहू. अमरावतीच्या पोरी नळ सुरू ठेवून दात घासतात." त्या स्वतः अमरावतीच्याच.

या प्रमिलाबाई, पुढे माझ्या सासूबाई झाल्या. त्यांना जाऊन आता वर्ष होऊन गेलं. वलगावच्या शाळेत चौथीपर्यंतच्या पोरांना शिकवून त्या निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा पंकज इंग्लंडात, बर्मिंगहॅमजवळ, एका इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात. आणि तो नावेत राहायचा. शिकारा नव्हे, मासेमाराची होडीही नव्हे. रेल्वेच्या डब्याहून थोडी आखूड आणि पुष्कळ अरुंद अशी लोखंडी नाव. आत पलंग, गॅस, मोरी, कोळशाची शेगडी, सगळं. तिकडे जुने कालवे आहेत, पूर्वी त्यांतून कोळसा न्यायचे, आता लोक घर करून राहतात. भाडी भरून भरून कंटाळल्यावर पंकजने अशी एक जुनी नाव विकत घेतली होती. हे ऐकल्यावर बाबांनी पहिला प्रश्न केला, "कॅनॉलमंदी? अन् त्याले पाणी कधी सुटते?" आमच्याकडे कालवा म्हणजे पाटबंधाऱ्याचा, त्याला पाळीनेच पाणी.

प्रमिलाबाई हसल्या नाहीत. त्यांनीही पहिल्यांदा हेच विचारलं होतं म्हणे. मुलगा नावेत राहतो हे कळल्यावर त्या कुणाशी काही न बोलता तिकीट काढून गेल्या होत्या, त्याला परत आणायला. अमरावतीच्या घरावर त्याच्यासाठी वरची खोली रंगवून ठेवली होती. एका कॉलेजात नोकरीचं बोलूनही ठेवलं होतं. सोबत नेलेलं सामान मात्र परत आणायला निघालेल्या माणसाचं नव्हतं. तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, पापड, सांडगे, कुरडया, मेतकूट, तिखट. हे सगळं त्यांनी नावेतल्या एका बाजूच्या बाकाखाली नीट रचलं आणि झोपल्या. सकाळी उठल्या तर सगळं जग डावीकडे कललेलं. मोरीतलं पाणी जाईना, चहाचा कप टेबलावरून सरकायला लागला. "मले वाटलं, माहं बीपी वाढलं. गोळी घेतली अन् डोळे मिटून पडली. पंकज आला अन् म्हणते, आई, तुह्यी डाळ उजवीकडे ठेव." त्यानंतर त्या नावेतच काय, आमच्या अकोल्याच्या घरातही पाहुणी म्हणून आल्या तरी पिशव्या दोन्ही भिंतींना सारख्या वाटून ठेवत.

दुसरा किस्सा कुरडयांचा. तिकडच्या दमट हवेत कुरडया सादळल्या. एक दिवस लख्ख ऊन पडलं. पंकज कामावर गेलेला. प्रमिलाबाई टपावर चढल्या तर तिथे काळ्याशार, तापलेल्या, गुळगुळीत काचा बसवलेल्या. पोट्ट्यानं वाळवणाची सोय किती चांगली केली, असं त्यांना मनापासून वाटलं. पांढरं लुगडं पसरलं, त्यावर कुरडया, सांडगे, पापड. कालव्याच्या काठाने कुत्री फिरवणारी माणसं थांबून बघायला लागली, तेव्हा यांनी एकेकाला एकेक पापड दिला. संध्याकाळी पंकज आला तर दिवे नाहीत, फ्रिज बंद, नळाला पाणी चढवणारी मोटर बंद. त्या काचा सूर्यावर वीज करणाऱ्या होत्या. "टपावर सावली पडू द्याची नाही," त्या मला बजावून सांगत. "झाडाची नाही, कपड्याची नाही, अन् कुरडयाची तर बिलकूल नाही."

तीन महिने राहून त्या परत आल्या त्या एकट्याच. वरच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि मुलासाठी मुली बघायला लागल्या.

पंकज सुट्टीवर आला, आम्ही भेटलो, एकमेकांना आवडलो. मी तेव्हा अमरावतीला एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवत होते. आता हा नावेत राहायचा प्रकार काय असतो ते कळावं म्हणून मी रविवारी प्रमिलाबाईंकडे जायला लागले. पहिल्याच रविवारी त्यांनी अंगणात रांगोळीने नाव काढून ठेवली होती, खऱ्या मापाची. रुंदी अशी की मी दोन हात पसरले तर बोटं दोन्ही रेघांना लागावीत. लांबी अंगणात मावली नाही म्हणून पलंग फाटकाच्या बाहेर, रस्त्यावर गेला होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, "मॅडम, कायची पूजा आहे?" त्या म्हणाल्या, "पूजा नाही, पोरीले घर दाखवून राहिली."

त्या रेघांच्या आत त्यांनी मला स्वयंपाक करायला लावला. मी मागे सरकले की ओरडत, "धडकली. भिंत आहे तिथं." मी नवीन कुकर आणायचा विषय काढला की लगेच, "ठेवशीन कुठं?" हा त्यांचा आवडता प्रश्न. एक वस्तू आत आली की एक बाहेर गेली पाहिजे, आणि जी वस्तू दोन कामं करत नाही ती नावेत चढवायचीच नाही. मिरचीची फोडणी द्यायची तर आधी पुढचं आणि मागचं दार उघडायचं, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो आणि शेजारच्या नावेतले लोक धावत येतात. हिवाळ्यात शेगडी पेटली तरी एक झरोका उघडा ठेवायचा, थंडी वाजली तरी चालेल. काठाला नळ दिसला की टाकी अर्धी असो की पाऊण, थांबून भरायची. "पुढं भरू म्हनशीन त पुढचा नळ बंद असते." संडासाची डबी काढून रिकामी करायची असते, हे त्यांनी मला सगळ्यात आधी सांगितलं, शेवटी नाही. "ते काम पाळीनं कराचं. आज तो, उद्या तू. नवराबायकोचं भांडण तिथूनच सुरू होते."

मला हे सगळं आवडायला लागलं होतं. रांगोळीच्या त्या अरुंद चौकटीत मी खऱ्या घरापेक्षा जास्त हसले आहे.

पण बाबांनी चौकशी केली, आणि त्यांना कळलं की पंकजच्या नावेला कायमची जागा नाही. दोन आठवडे झाले की दोर सोडून पुढे जायचं, असा तिथला नियम. वकिलाच्या जिवाला हे लागलं. "म्हंजे पत्ता नाही," ते म्हणाले. "माही पोरगी बिनपत्त्याच्या माणसाले देऊ?" त्यांनी पंकजला फोनवर सरळ सांगितलं, नाव विका, पक्कं घर भाड्याने का होईना घ्या, मग लग्न. पंकज म्हणाला, "विकतो." मला ते ऐकून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाई एसटीने अकोल्याला आल्या. चहा घेतला नाही. बाबांसमोर बसून म्हणाल्या, "वकीलसाहेब, पंकजले नाव इकू नोका देऊ."

बाबा म्हणाले, "बाई, मी तुमच्याच फायद्याचं बोलून राहिलो. पोरगा स्थिर होईन."

"त्याले तिथलं भाडं परवडत नाही, म्हणून त त्यानं नाव घेतली. ते इकली त तो तिथं राहत नाही, वापस येते. माही वरची खोली तयारच आहे. मले तेच पाह्यजे होतं. त्याच्याचसाठी गेल्ती मी."

"मंग चांगलंच झालं ना."

प्रमिलाबाईंनी पदराने चेहरा पुसला. रडत नव्हत्या, ऊन लागलं होतं. "तिथं लॉक असते," त्या म्हणाल्या. "कॅनॉल खाली उतरते तिथं, दोन दरवाज्याच्या मधात हौद. त्यातलं पाणी सोडलं का नाव खाली जाते. तवा नावेचा दोर खुट्याले बांधाचा नसते, हातात धराचा अन् ढील देत जाची. मले माहीत नोतं. मी पोट्टा वाहून जाईन म्हणून घट्ट बांधला. पाणी खाली गेलं अन् नाव एका अंगानं लटकली. अंदरचे भांडे पडले, पंकज पडता पडता राह्यला. त्यानं चाकूनं दोर कापला, माह्या अंगावर वरडला नाही. मी त्याच दिवशी वरच्या खोलीचा इचार सोडला. तो आला त माह्याजवळ बसन, माह्या हातचं जेवन, अन् खिडकीतून पाहत राहीन. असा पोरगा मले नाही पाह्यजे."

बाबांची उलटतपासणी तिथेच संपली. मग मला हाक मारून विचारलं, "तुले जमन का?" मी हो म्हणाले. ते प्रमिलाबाईंकडे वळले. "पत्त्याच्या जागी काय लिहू, पत्रिकेत?"

"माहा लिहा," त्या म्हणाल्या. "मी कुठं जाऊन राहिली?"

लग्न झालं आणि मी नावेत राहायला आले. खरं सांगायचं तर पहिल्या हिवाळ्यात मी दोनदा रडले, एकदा थंडीने आणि एकदा त्या डबीच्या पाळीने. बाकी सगळं रांगोळीतल्यासारखंच निघालं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात सासूबाई, आता मीही त्यांना आईच म्हणायला लागले होते, महिनाभर आमच्याकडे आल्या. गुडघे दुखायला लागले होते, पायात साडीखाली पांढरे बूट. आल्या आल्या पिशव्या दोन्हीकडे वाटून ठेवल्या, टाकीवर टिचकी मारून पाणी किती आहे ते बघितलं आणि माझा कुकर उचलून म्हणाल्या, "हा ठेवतं कुठं?"

एक गोष्ट मात्र मला कळेना. जागा बदलायचा दिवस आला, पंकजने दोर सोडले की त्या काठावर उतरत. आत बसायलाच तयार नसत. मला वाटलं, त्या लॉकच्या प्रसंगाने धास्ती घेतली असेल. विचारलं तर म्हणाल्या, "भेव कायचं? तुमी दोघं आहा ना अंदर. नाव त माणसाच्याच चालीनं चालते. मी काठानं येते सोबत."

आणि तशा त्या चालत यायच्या. पाण्याच्या कडेने मातीची पायवाट, त्यावर आई, हातात पाण्याची बाटली. येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करत, बदकांशी मराठीत बोलत. नावेच्या मागच्या टोकाला सुकाणू धरून उभा असलेला पंकज आणि त्या, दोघांमध्ये दोन हात पाणी. तो काहीतरी विचारायचा, त्या चालता चालता उत्तर द्यायच्या. मी चहा करून खिडकीतून कप बाहेर धरला की त्या काठावरून वाकून घ्यायच्या.

मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात त्यांची चाल फारच मंदावली. थांबत थांबत यायला लागल्या, पण आत यायला नाहीच म्हणाल्या. मागून एक नाव आली, तिला पुढे जायची घाई होती. पंकजने हात करून तिला पुढे सोडलं आणि आमचं इंजिन आणखी हळू केलं.