शेळीचं दहावं

समस्त आप्तेष्टांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येते, की आखातातल्या तमाम मराठी मंडळींत शेळीचं दहावं घालण्याचा पहिला मान आमच्या कुटुंबाचा आहे. हा विक्रम कुणी मोडल्याचं अजून ऐकिवात नाही.

झालं असं, की २००८ची मंदी आली आणि शारजातल्या हमरियातलं आमचं पाइपांचं ऑफिस बंद पडलं. आमचा अरबाब, म्हणजे मालक, दिलदार माणूस. व्हिसा रद्द करण्याऐवजी त्यानं मला उम्म अल कुवैनमधल्या आपल्या शेळ्यांच्या फार्मवर मॅनेजर म्हणून पाठवलं. तोवर शेळीशी माझा संबंध पहिलीच्या पुस्तकातल्या चित्रापुरता.

फार्म खरं तर बलुची चाचा चालवायचे. धार काढायची त्यांची पद्धत ठरलेली. शेळ्यांचा क्रम कायम, प्रत्येकीला नावानं हाक, मग ती डुलत डुलत येणार आणि पान्हा सोडणार. हाक नाही तर दूध नाही. मी सावलीत खुर्ची टाकून हे बघत बसायचो आणि त्याला मॅनेजमेंट म्हणायचो.

एका दुपारी समुद्रावरून हत्तीच्या सोंडेसारखी वावटळ आली. तिनं गोठ्याचं पत्र्याचं छप्पर उचललं, गरगर फिरवलं आणि परत शेळ्यांवरच आपटलं. नऊ गेल्या. चाचांनी एकेक स्वतः पुरली. मला फावड्याला हातही लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी ते धार काढायला बसले. पहिली आली, दुसरी आली, तिसरी आली. चौथीचं नाव ओठांवर आलं आणि चाचा उठून गेले. ती त्यांची लाडकी, गेलेल्या नवांतली, मागे दूधपितं करडू ठेवून गेलेली. मग रोज तेच. बाकीच्यांना मी हाका मारून पाहिल्या, तर त्या माझ्याकडे ऑडिटर आल्यासारखं बघायच्या. ओढून-ताणून वाटीभर निघायचं. दूध आटत चाललं.

अरबाबनं हात झटकले. "हबीबी, दस दिन. फिर खलास, सब बाजार में."

चाचांना या शेळ्यांखेरीज इथे कुणी नव्हतं. मी घरी येऊन सांगितलं, तर बायको म्हणाली, "दहा दिवस ना? मग दहाव्या दिवशी दहावंच घालू. त्यांना एकदा रडून मोकळं होऊ दे."

"अगं, शेळीचं?"

"तुझ्या काकांचं घातलं तेव्हा विचारलंस?"

"बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग," म्हणत मुलगी सर्वांत आधी गाडीत बसली.

दहाव्या दिवशी सकाळी गोठ्यामागे स्टीलच्या ताटलीत भाताचा पिंड ठेवला. "चाचा, हमारे में कौआ खाए तो समझो जानेवाला खुश है," मी समजावलं. चाचा अदबीनं बाजूला बसले. तिकडे दुबईत देऱ्याच्या धक्क्यावर कावळ्यांचा बाजार भरतो. इथे एक फिरकेल तर शपथ! अर्धा तास गेला. कावळा शिवत नसेल तर गेलेल्याला वचन द्यायचं, एवढं मला ठाऊक होतं. मी हात जोडले आणि चाचांना कळावं म्हणून हिंदीत खड्या आवाजात म्हणालो, "तेरे बच्चे को मैं खुद बोतल से दूध पिलाऊँगा!"

आकाश रिकामं.

"और चाचा को अकेला नहीं छोडूँगा!"

चाचांनी पटक्याच्या टोकानं डोळे झाकले. तेवढ्यात मागून एक जाडजूड म्हातारी शेळी आली, पिंड एका घासात गिळला आणि ताटली चाटायला लागली.

"शिवला!" मी ओरडलो.

"बाबा, दॅट्स अ गोट!"

संध्याकाळी अरबाब आला तेव्हा बादली अर्धी भरलेली होती. तो "इन्शाल्ला" एवढंच म्हणाला आणि बाजाराचं नाव त्यानं काढलं नाही. पण माझ्या कानात अजून आहे तो त्या सकाळचा चाचांचा आवाज. ते त्या शेळीकडे बघत राहिले. मग रडता रडता खदखदून हसले, तिला कानाला धरून चौथीच्या रिकाम्या जागी उभं केलं, बादली ओढली आणि म्हणाले,

"साहब, ये तो उसकी सास है! जीते-जी भी उसका चारा यही खा जाती थी!"