मेलेला हिरवा गहू

शेत हिरवंगार आहे, वाऱ्यावर डुलतंय, आणि शेत कसणारी बाई म्हणते, हे मेलंय. तुम्ही विश्वास ठेवला असता?

आमच्या ओकतेपा गावात कुणी ठेवला नाही. वसंताचा सण नवरोज होऊन बरेच दिवस झाल्यावर काळी थंडी पडली, एका रात्रीत पीक जाळणारी. जर्दाळू गेले ते सगळ्यांना दिसलं, कोवळ्या फळांचा काळा सडाच पडला झाडांखाली. गहू मात्र तसाच उभा. लोक शेतवाल्या होसियत आपाला म्हणाले, "नशीबवान आहेस." तिने चार उन्हं जाऊ दिली, मग ब्लेड घेऊन रानात शिरली आणि एकेक काडी उभी चिरत गेली. पोटरीतली, म्हणजे काडीच्या पोटात दडलेली इवलीशी ओंबी पांढरी, टणक असायला हवी. ती तपकिरी, पिचपिचीत झालेली. दहातल्या आठ काड्या तशाच.

होसियत आपा म्हणजे बाई साधी नाही. तरुणपणी ट्रॅक्टर चालवायची, आवाज अजून ट्रॅक्टरवरचाच आहे. नवरा दूर परदेशी, कझान शहरात बांधकामावर गेला तो तिकडचाच झाला. सरकारी जमीन कसायचा करार हिच्या नावावर, आणि तो टिकवला हिनेच.

आता एकच वाट होती. गहू हिरवा आहे तोवर कापायचा, गाईमेंढ्यांचा हिवाळ्याचा चारा करायचा, पाटाला पाणी आहे तोवर मूग पेरायचा. थांबलं तर चाराही गेला, मूगही गेला.

तालुक्याचा साहेब, नोरकुल, रस्त्यावर गाडी थांबवून काचेतूनच बोलला, "आपा, मला तर रान हिरवं दिसतंय."

"गाडीतून दिसतंय. खाली उतरा."

"चिखल आहे."

"गव्हात काय गालिचा अंथरू?"

साहेब हसला नाही. "ओंब्या बाहेर येऊ द्या. पांढऱ्या, पोकळ आल्या तर पंचनामा करू. त्याआधी उभं पीक कापलंत, तर जमीन कसली नाही म्हणून करार रद्द."

मी आपाच्या बाजूलाच उभा होतो, मला राहवलं नाही. म्हणालो, "साहेब, जर्दाळू तरी काळे दिसले का, का तेही हिरवेच?"

"तू गप रे, पुढारी," म्हणाला आणि काच वर.

मी भडकलो. मोर्चा काढू, तालुक्याला घेराव घालू, असं बरंच बोललो. आपा म्हणाली, "तुझा मोर्चा निघेपर्यंत पाटाचं पाणी आटेल. विळ्याला धार लावून दे."

घरात सासू आडवी आली. उगिलॉयआजी भाकरीचा तुकडा खाली पडला तरी उचलून कपाळाला लावणारी. "हिरवा गहू कापतेस? अन्नाचा तळतळाट लागेल!"

आपाने चिरलेली काडी तिच्यापुढे धरली. म्हातारीने ती उजेडात नेली, नखाने टोकरली, वास घेतला. मग म्हणाली, "पहिली पेंढी मी कापते. लागायचा तो तळतळाट म्हातारीला लागू दे, लेकराबाळांची आहेस तू."

कापताना आपाने डोकं चालवलं. रान सगळं नाही कापलं. रस्त्याकडेला एक, पाटाकडेला एक, मध्ये दोन, अशा चार पट्ट्या उभ्या ठेवल्या. "बघायचंय ना त्यांना? हे घ्या, बघा." गावात खिदळणं सुरू झालं, "आपाने रानाची अर्धी हजामत करून सोडली." तिने मान वर केली नाही. पट्ट्यांच्या मधल्या जागेत मूग पेरला, पाणी दिलं, कापलेल्या चाऱ्याची गंज रचली.

आता पट्ट्यांतल्या ओंब्या बाहेर आल्यात. पांढऱ्या, पोकळ. चोळल्या तर हातात नुसता कोंडा. ज्यांनी कापलं नाही त्यांच्या रानात तेच उभं आहे, आणि आता ते गुरंसुद्धा तोंडात धरत नाहीत. हसणारे गप्प झालेत. बोलणारा मात्र अजून एकही नाही, कारण करार सगळ्यांनाच प्यारा. साहेबाचा निरोप आलाय, गुरुवारी येतो, उभं पीक मोडल्याबद्दल जमीन काढून घेतो.

मूग वर आलाय हो, दोन-दोन पानांचा. तो दुसऱ्या कुणाच्या नावावर जाणार?

एकट्या बाईला दरडावणं सोपं असतं. म्हणून सांगतो, तुम्ही कुठल्याही गावचे असा, गुरुवारी सकाळी ओकतेपाला पाटाच्या पुलापाशी या. अर्ज नको, फलक नको. आरडाओरडा करायला मी एकटा पुरे आहे. तुम्ही फक्त आपाच्या शेजारी उभे राहा.