माणूस निलंबित, लॉगिन चालू

मुलुंडमधल्या त्या कॉलेजचं प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेलं नाही. नावं मात्र कोणाचीच सांगणार नाही.

एका तरुण प्राध्यापिकेचे फोटो बिघडवून, खाली घाणेरडा मजकूर लिहून कोणीतरी विद्यार्थ्यांना पाठवले होते. गुन्हा दाखल झाला, तपास माझ्याकडे आला. खोटं खातं कॉलेजच्याच वाय-फायवरून चालवलं जात होतं. तिथे पूर्वी सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड होता. नुकतीच नवी पद्धत आली होती. प्रत्येकाचं स्वतःच्या नावाचं लॉगिन. त्यामुळे नाव लगेच मिळालं. ग्रंथालयातले जुने कारकून. सगळे त्यांना काका म्हणत. मूळचे मालवणकडचे, निवृत्तीला आलेले. संस्थेने त्याच दिवशी निलंबित केलं. पेन्शन अडकणार, हे उघड होतं.

काका पोलीस ठाण्यात खुर्चीच्या कडेवर बसले.

"पासवर्ड कोणाला दिला होता?"

"कोणाक नाय."

"मग हे तुम्हीच केलंत?"

"सायबानू, ती माझ्या चेडवासारखी, पोरीसारखी. मी ह्यां केलंय नाय."



मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथालयाच्या कारकुनांनी मला वेळ संपल्यावरही बसू दिलं, म्हणून शिकलो. पण तपासात अशा आठवणींना जागा नसते.

बाकीच्यांचे जबाब नोंदवायला मी कॉलेजात गेलो. कार्यालयात माझ्या मोबाइलला रेंज नव्हती आणि ठाण्यातून एक फोटो यायचा होता. हेडक्लार्क बाईंनी हात पुढे केला.

"आणा साहेब इकडे. तुमची रेंज लोकलमधून आधीच कांजूरला उतरली वाटतं."

शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "जपून गं, पोलिसांचा फोन आहे. आत टाकतील ना!"

बाईंनी हसत हसत भराभर टाइप केलं आणि फोन परत दिला. वाय-फाय लागलं होतं. स्क्रीनवर काकांचं नाव होतं.

मी फोन त्यांच्यासमोर धरला. हसणं थांबलं.

"साहेब, नवीन पद्धत आली तेव्हा कोणाचंच लागेना. नुसती वाट लागली होती. काकांचं तेवढं लागलं. मग सगळ्यांनी तेच टाकलं."

"आणि काका निलंबित झाले तेव्हा?"

बाईंनी समोरचे कागद सारखे केले. "दुसऱ्याचं लॉगिन वापरलं तर कारवाई, असं परिपत्रक होतं."

काकांना घरी बसवलं होतं, पण त्यांचं लॉगिन कोणी बंद केलं नव्हतं. केलं असतं तर अख्ख्या कार्यालयाचं वाय-फाय गेलं असतं.

कोणत्या मोबाइलवरून जोडणी झाली, याचीही यंत्रणेत नोंद राहते. आता नाव बाजूला ठेवून आम्ही मोबाइल तपासले. सापडला तो एक तरुण व्याख्याता. कायम नोकरीची जागा त्या प्राध्यापिकेला मिळाली, हा त्याचा राग. रोज तो काकांच्या टेबलावर डबा खायचा. चौकशीत म्हणाला, "सर, नाव काकांचंच येणार, हे मला माहीत होतं."

काकांना ही बातमी द्यायला मी स्वतः घरी गेलो. त्यांनी गुन्हेगाराचं नाव विचारलं नाही.

"मी वाट बघी होतंय, सायबानू. माझ्या तोंडान सगळ्यांची नावां कशी सांगू? कोणतरी येतलो आणि सांगतलो. एक तरी."

त्यांना कामावर परत घेतलं. निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभाला मात्र ते गेले नाहीत.

खोटं बोलणाऱ्याला बोलतं करणं मी नोकरीत शिकलो. पण त्या कार्यालयात कोणी खोटं बोललंच नव्हतं. सगळे फक्त गप्प बसले होते, आणि त्याला कलम नाही. त्यानंतर प्रत्येक जबाबाच्या शेवटी मी विचारायचो, "मी न विचारलेलं काही सांगायचं राहिलंय का?"

बहुतेक जण सही करायला पेन मागत.