वसंतकाकांचा मॉनिटर

फोटो स्टुडिओ चालवणाऱ्याकडे फोटोंपेक्षा किस्से जास्त साठतात. फोटो गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्से आपल्याकडेच राहतात. रत्नागिरीतल्या आमच्या स्टुडिओचे निम्मे किस्से एकट्या वसंतकाकांचे आहेत, आणि ते सांगताना माझी छाती अजून फुगते.

अठ्ठावीस वर्षं काकांनी आमच्या डार्करूममध्ये हाताने प्रिंट काढले. दोन हजार तीन-चारच्या सुमारास कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं, तेव्हा माझा धाकटा भाऊ शिरीष म्हणाला, "आता काकांना काउंटरवर बसवू." रंगाची अशी नजर असलेल्या माणसाने पाकिटं भरत बसायचं, हे मला पटेना. शेवटी तडजोड झाली. मॉनिटर काकांनी निवडायचा. स्क्रीनवरचा रंग कागदावर तसाच उतरला तर रंगाचं काम काकांकडे, नाहीतर काउंटर.

कोल्हापूरचा विक्रेता तीन मॉनिटर घेऊन आला. त्यातला एक तेव्हा नवलाईचा, पाटीसारखा सपाट. शिरीष त्याच्यावर लट्टू. स्क्रीनवर एका नवरीचा फोटो लावून काका समोर बसले, मग डावीकडे झुकले, मग उजवीकडे.

"मेल्या, मी मान हलवली की नवरीचा रंग बदलतो. मी काय मान बांधून बसू?"

सपाट मॉनिटर खोक्यात परत गेला.

उरलेल्या दोन्ही मॉनिटरवर विक्रेत्याने फुलपाखरांची चित्रं लावली. काकांनी पिशवीतून जांभ्या चिऱ्याचा तुकडा काढला, त्याचा फोटो घेऊन स्क्रीनवर लावला आणि तुकडा शेजारी ठेवला. एकावर जांभा विटेसारखा दिसला. दुसऱ्या जाडजूड, दोघांनी उचलायच्या मॉनिटरवर मात्र तो जांभाच होता.

"काका, हे जुनं मॉडेल आहे," विक्रेता म्हणाला.

"मग जमेल आमचं," काका म्हणाले. "मीपण जुनंच मॉडेल."

पहिला प्रिंट काळपट आला. शिरीष म्हणाला, "बघा, सांगत होतो!" काकांनी प्रिंटरला हात लावला नाही. मॉनिटरचाच उजेड कमी केला, मग फोटो उजळवला.

"ह्याच्या पोटात दिवा आहे, कागदाच्या नाही. दिव्याला भुलायचं नाही."

दुसरा प्रिंट स्क्रीनशी जुळला. शिरीष एवढंच म्हणाला, "दगडाचं ठीक आहे. माणसाचा चेहरा जमू दे." त्याचंही खोटं नव्हतं. आमचं पोट चेहऱ्यांवरच चालायचं.

नजरेला दुसरा रंग लागू नये म्हणून मॉनिटरमागची भिंत काकांनी राखाडी करून घेतली. तरी एकदा मिरजोळ्याच्या एक बाई मुलीच्या लग्नाचे फोटो बघायला आल्या आणि काकांच्या मागे उभ्या राहिल्या. अंगावर झगझगीत पोपटी शालू. काकांनी दोन-तीनदा रंग सुधारला, मग वळून अदबीने म्हणाले, "वहिनी, जरा बाहेर बसता काय? तुमचा शालू मुलीच्या गालावर उतरलाय."

बाई घरी गेल्या आणि राखाडी साडी नेसून परत आल्या.

मग लांज्याकडच्या एक काकू आल्या. साठीच्या, शेतावर राबलेल्या. सासऱ्यांचा एकुलता एक रंगीत फोटो, तोही विटून गुलाबी पडलेला. वर्षश्राद्धाला मोठा करून हवा होता. शिरीषने नेहमीप्रमाणे चेहरा उजळ केला. गिऱ्हाइकाला तेच आवडतं. काकू खुर्चीत ऐसपैस बसून बघत होत्या.

"मामंजी येवढं गोरं नव्हतं ओ. कोण दुसरंच वाटतंय."

शिरीष उठला. काका त्याच्या जागी बसले. त्यांनी काकूंना विचारलं, "शेतात असायचे?"

"सगळा जन्म."

काकांनी गुलाबी काढला, जरा पिवळा घातला, मग चेहरा थोडा थोडा गडद करत नेला. मला वाटलं, फार झालं. काका थांबले नाहीत. कपाळ रापलं, गालांच्या खळग्यांत सावली आली.

काकू खुर्चीतून उठल्या. डोक्यावर पदर घेतला आणि भिंतीला टेकून खाली मान घालून उभ्या राहिल्या.

शिरीषने हळू आवाजात विचारलं, "काका, देऊ प्रिंट?"