फसफसणारी गोळी

मंगळवारी बाबा गेले.

मोहोपाड्याच्या रसायन कारखान्यातली नोकरी संपली, तरी त्यांचा कफ राहिला होता. त्यावरची अमिनो आम्लाची गोळी मी कर्जतच्या एका औषधाच्या दुकानातून आणायचे. दुकानदाराचं नाव कधी विचारलं नाही. पाण्यात विरघळवून घ्यायची ती गोळी लोक तशीच गिळतात, म्हणून तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला पेल्यात एक विरघळवून दाखवायचा आणि फसफस थांबेपर्यंत बोलायचा नाही.

"अँटिऑक्सिडंट आहे म्हणे. फुप्फुसं सुधारतील?" मी विचारलं होतं.

"नाय ओ ताई. कफ सुटंल, चार शब्द बोलता येतील. तेवढंच मागा तिच्याकडं."

उरलेल्या गोळ्या परत करायला गेले, तेव्हा बाबा गेल्याचं त्याला कळलं.

"बोलले का वो?"

"रोज सकाळी."

त्यानं गोळ्या घेतल्या नाहीत. पेला धुऊन पालथा ठेवला.

घरी चार गोळ्या उरल्या आहेत.