हात न लावता पसंत केलेला बैल

मंडळी, ईद मुबारक. सकाळचं एक मनाला लागून राहिलंय, म्हणून लिहितोय.

इथे आखातात, अबू हमूरच्या गुरांच्या बाजारात माझी नोकरी आहे. बोटीने आलेल्या जनावरांच्या बरगड्या आणि शेपटीचं मूळ हाताने चाचपून ती अंगाने भरलेली आहेत का, ते मी सांगतो. म्हणून इथल्या आम्हा गाववाल्यांच्या कुर्बानीचा बैल निवडायला आमच्यातल्या वडीलधाऱ्या हमीदचाचांनी मलाच नेलं.

ईदच्या नमाजनंतर थेट गेलो होतो. चाचा गाडी लावायला गेले होते; नवा पांढरा कुर्ता मळेल म्हणून मी कठड्याबाहेरूनच पाहिलं. थंड देशातला बैल, अंगावर दाट केस, चांगला गुबगुबीत दिसला. चाचा आल्यावर म्हटलं, "चाचा, हाच घ्या. यल्ला, चला."

कातडं उतरलं तेव्हा आत नुसता सापळा. इतकं मरतुकडं जनावर कुर्बानीला चालत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक. बैलात पैसे घातलेले सगळे वाटेकरी माझ्याकडे पाहू लागले.

चाचा म्हणाले, "एवढ्या केसांतून तुझ्या हाताला तरी काय कळणार? आपली नियत साफ होती ना? खलास."

मी मान डोलावली. हात लावलाच नव्हता, हे सांगितलं नाही.

पहिला वाटा चाचांनी माझ्याच घरी पाठवलाय. तो कोणत्या तोंडाने खाऊ, सांगा.